समुपदेशन केंद्राचा उपयोग होतो की नाही, हे कसे तपासावे?

विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात किती विद्यार्थी आले हे नोंदवहीवरून कळते, पण त्यांना गुण आला का हे कसे ठरवावे, असा आपला प्रश्न आहे. नोंदवही केवळ वर्दळ सांगते. बदल मोजायचा असेल, तर पहिल्या भेटीपूर्वी आणि पुढे ठरावीक भेटींनंतर तीच प्रश्नावली भरून घ्यावी. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली सोयीची आहे: मागील २ आठवड्यांविषयी ९ प्रश्न, एकूण गुण ० ते २७, आणि ५ गुणांची घट ही साधारणतः अर्थपूर्ण सुधारणा मानली जाते. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याविषयीचा असल्याने भरलेला कागद विद्यार्थी उठून जाण्याआधीच समुपदेशकाने पाहिला पाहिजे. तो फायलीत पडून राहता कामा नये.

खरी अडचण गळतीची आहे. नांदेडच्या वसतिगृहातील मुलगा सोयाबीनच्या काढणीला गावी गेला की तिसरी भेट हुकते, आणि टिकून राहिलेल्यांचीच सरासरी काढली तर केंद्राचे यश फुगलेले दिसते. शिवाय माणूस अगदी खचल्यावरच दार ठोठावतो, त्यामुळे काही सुधारणा नुसत्या काळानेही होते. म्हणून समुपदेशन अजून सुरू न झालेल्या, प्रतीक्षायादीतील विद्यार्थ्यांच्या गुणांशी तुलना करावी. प्रश्नावलीची भाषाही तपासावी, कारण ‘करमत नाही’ म्हणणारा ‘उदास’ या शब्दापुढे खूण करीलच असे नाही.

हे निष्कर्ष शोधनिबंधात मांडायचे असल्यास आधी नीतिमत्ता समितीची मान्यता आणि विद्यार्थ्यांची लेखी संमती घ्यावी, व नकार देणाऱ्याची सेवा तशीच चालू ठेवावी.