कांद्याचा भाव पडला की शेतकरी तो साठवून का ठेवत नाहीत?

ठेवतात, पण फक्त उन्हाळ कांदा. खरिपाचा लाल कांदा साठवताच येत नाही. आमच्या घरी निफाड तालुक्यात कांदाच पिकतो, म्हणून हे रोजचं पाहणं आहे. लाल कांदा साधारण ऑक्टोबरपासून निघतो. त्यात पाणी जास्त असतं आणि मान जाड राहते, त्यामुळे तो लगेच सडतो किंवा कोंब धरतो. काढला की मिळेल त्या भावात विकावाच लागतो. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा बाजारात हाच माल होता, म्हणून तो फटका फार जिव्हारी लागला. उन्हाळ कांदा मार्च ते मे दरम्यान निघतो, पातीखाली सुकवून चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरला की चार-पाच महिने टिकतो. टिकतो म्हणजे जसाच्या तसा नव्हे. वजन घटतं, पावसाळी दमट हवेत बुडाचे कांदे काळे पडतात, आणि एक सडला की त्याचं पाणी खालच्या दहांना लागतं. चाळीपाशी गेलं की वासावरूनच कळतं. शिवाय थांबल्यावर भाव मिळेलच असं नाही: ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, तेव्हा कांदा चाळीतच होता.

एक मात्र लक्षात घ्या, चाळ असूनही सगळ्यांना थांबता येत नाही. गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज आणि खरिपाचं बी-खत समोर असलेला छोटा शेतकरी मे महिन्यातच विकून मोकळा होतो.