क्रायोजेनिक पंप थंड करायला नेमकी किती मिनिटे द्यावीत?

आपण विचारले आहे की द्रव नायट्रोजनचा पिस्टन पंप (म्हणजेच अतिथंड द्रव ओढणारा क्रायोजेनिक पंप) सुरू करण्यापूर्वी किती मिनिटे थंड करावा, कारण आपल्याकडचे जुने ऑपरेटर ‘पंधरा मिनिटे’ म्हणतात आणि पंप बसवून देणारा ‘बाहेरून बर्फ धरेपर्यंत’ म्हणतो. मला ही दोन्ही उत्तरे अमान्य आहेत. दुसऱ्या उत्तरावरून तर तळोज्याच्या सिलिंडर भरणाऱ्या एका कारखान्यात मी देखभालीचे काम पाहत असताना वरिष्ठांशी बरीच वर्षे वाद घातला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बर्फ शून्य अंशाच्या खाली धरतो आणि द्रव नायट्रोजन उणे 196 अंशांना उकळतो. पंपाच्या अंगावर पांढरा थर दिसला, एवढ्यावरून आतले धातूचे भाग द्रवाच्या तापमानाला पोहोचले असे मानणे म्हणजे जवळपास दोनशे अंशांचे अंतर डोळ्यांआड करणे आहे. त्यातही मुंबई-पनवेलच्या पट्ट्यात जुलैमध्ये हवा इतकी दमट असते, की सक्शनचा, म्हणजे टाकीतून पंपात द्रव येण्याचा, व्हॉल्व्ह उघडल्यावर थोड्याच वेळात पाइपावर बोटभर बर्फ चढतो. कोरड्या हवेच्या गावी तो उशिरा आणि पातळ धरेल, पण पंप आतून निवायला दोन्हीकडे जवळपास तितकाच वेळ लागेल.

अशाच एका पावसाळी रात्री आमच्या पंपाचे सील बदलून तो पुन्हा जोडला होता. एरवी एक खेप भरून झाल्यावर पंप अर्धवट थंडच असतो, त्यामुळे ऑपरेटरांच्या तोंडात बसलेली मिनिटे त्या अर्धवट थंड पंपाची होती. त्या रात्री मात्र तो दुपारपासून उघडा होता आणि त्याचे सगळे धातू शेडच्या तापमानाला आलेले होते. बाहेर गाड्या उभ्या होत्या. डिस्पॅच सांभाळणारे अधिकारी छत्री घेऊन आले, त्यांनी कोल्ड एंडवरचा, म्हणजे पंपाच्या द्रव हाताळणाऱ्या थंड टोकावरचा, बर्फ पाहिला आणि पंप सुरू करायला सांगितले. व्हेंटच्या, म्हणजे गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीच्या, तोंडातून अजून फुरफुर करत नुसता गॅस येत होता आणि मधूनच द्रवाचे चार थेंब उडत होते. मी ते त्यांना दाखवले. “साहेब, हा अजून उकळतोय,” असे स्पष्ट सांगितले. त्यांचे म्हणणे असे, की तुम्ही वाट पाहता तेवढा माल हवेत जातो आणि त्याचा हिशेब मला द्यावा लागतो.

पंप सुरू झाला. मॅनिफोल्डवरचा, म्हणजे सिलिंडर जोडलेल्या सामायिक पाइपावरचा, प्रेशरचा काटा थोडा चढला, थरथरला आणि परत पडला. कोल्ड एंडमधून ठक ठक असा कोरडा आवाज येऊ लागला, तरी “धरेल, धरेल” म्हणत तो चालूच ठेवला गेला. शेवटी उघडून पाहिला तेव्हा नव्या पिस्टन रिंगांच्या कडा खाल्लेल्या होत्या आणि त्यांची काळपट भुकटी सक्शन व्हॉल्व्हच्या बैठकीत जाऊन बसली होती. पुढच्या बैठकीत दोष रिंगांच्या दर्जावर टाकला गेला. रिंगा चांगल्या होत्या, हे मी आजही ठामपणे सांगतो.

कारण सरळ आहे. एक लिटर द्रव नायट्रोजनचा नेहमीच्या तापमानाला सुमारे 700 लिटर गॅस होतो. गरम धातूला लागून थोडासा जरी द्रव उकळला तरी पंपाचा सिलिंडर गॅसने भरतो, पिस्टन तोच गॅस दाबतो, मागे येताना तोच फुगतो, सक्शनचा व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही आणि प्रेशर धरत नाही. ज्या रिंगांना वाहत्या द्रवाचा गारवा मिळायला हवा त्या कोरड्या घासतात. शिवाय निवण्याची गतीही एकसारखी नसते. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब वाफेच्या थरावर नाचतो, तसा सुरुवातीला द्रव धातूला नीट भिडतच नाही. तो थर मोडला की तापमान एकदम कोसळते आणि त्यानंतरच ते स्थिरावते.

म्हणून गॅस रिटर्न लाइनवर, म्हणजे पंपातला गॅस टाकीकडे परत नेणाऱ्या पाइपावर, तापमानाचा सेन्सर बसवून घ्या आणि आकडा कोसळून स्थिर होईपर्यंत थांबा. टाकीत गेजवर 3 बार प्रेशर असेल, तर उणे 196 ची वाट पाहू नका. त्या प्रेशरला नायट्रोजन उणे 182 च्या आसपास उकळतो. सेन्सर नसेल तर व्हेंटमधून न फुरफुरता द्रवाची अखंड धार आली पाहिजे. याला किती मिनिटे लागतील हे पंपाचे वजन, सक्शन पाइपाची लांबी, त्याचे इन्सुलेशन आणि पंप आधी किती वेळ बंद होता यांवर ठरते, त्यामुळे मी आकडा देणार नाही आणि देणाऱ्यावर आपणही विसंबू नका.

आता वाया जाणाऱ्या मालाचा हिशेब. एक किलो स्टेनलेस स्टील नेहमीच्या तापमानापासून द्रव नायट्रोजनच्या तापमानाला आणायला, द्रव नुसता उकळवून सोडून दिला, तर साधारण अर्धा लिटर लागतो, आणि सावकाश नेऊन थंड गॅसचाही गारवा वापरला तर त्याच्या दोन-तृतीयांश. म्हणजे 50 किलोच्या कोल्ड एंडला फार तर पंचवीस-सव्वीस लिटर, पाइपाचे वेगळे. रिंगा, सील आणि बुडालेली रात्रपाळी यांच्यासमोर हा खर्च मांडून पाहिला असता, तर आमचा वाद पहिल्याच दिवशी मिटला असता. घाईने व्हॉल्व्ह सताड उघडून थंड करणाराच जास्त माल उडवतो.

काही गोष्टी मात्र पाळाच. उघडलेला पंप जोडल्यावर आधी कोरड्या नायट्रोजन गॅसने धुऊन घ्या, नाहीतर आतली दमट हवा व्हॉल्व्हमध्येच गोठेल. व्हेंट शेडच्या बाहेर मोकळ्यावर काढा, कारण नायट्रोजनला वास नसतो आणि बंद जागेत माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. दोन व्हॉल्व्हच्या मध्ये द्रव अडकेल अशा प्रत्येक तुकड्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच. मी लिहिले ते नायट्रोजन आणि आर्गॉनच्या पिस्टन पंपांपुरते आहे, आणि आर्गॉनचे तापमानाचे आकडे वेगळे आहेत. ऑक्सिजनच्या पंपाला तेला-ग्रीसचा हातही लागता कामा नये. द्रवरूप नैसर्गिक वायूचा पंप असा उघड्यावर गॅस सोडून थंड करायचा नसतो. तिथे तापमान किती वेगाने उतरवायचे याची पंप बनवणाऱ्याने दिलेली मर्यादा पाळावी लागते.