वस्तीचं नाव सोडा, गल्ली सांगा

वाचकांचे प्रश्न : घरखरेदी

उपनगरात घर शोधणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं या वेळी आली. बहुतेकांनी दोन वस्त्यांची नावं लिहून ‘यातली चांगली कोणती?’ एवढंच विचारलंय. नावावरून याचं उत्तर देता येत नाही. एकाच नावाखाली स्टेशनला लागून असलेली गल्ली येते आणि नाल्याकाठची शेवटची इमारतही येते. शिवाय एखाद्या वस्तीचं नाव चालायला लागलं की जाहिरातींत तिची हद्द हळूहळू पसरत जाते. म्हणून खालच्या उत्तरांत वस्ती म्हणजे इमारतीच्या फाटकापासून चालत पाच मिनिटांचा, साधारण ४०० मीटरचा परिसर, एवढंच धरलं आहे.

प्रश्न : एक घर स्टेशनजवळच्या जुन्या, दाट वस्तीत आहे. दुसरं रुंद रस्त्यांच्या नव्या वसाहतीत, आणि तिथे तेवढ्याच पैशांत एक खोली जास्त मिळते. नव्या वसाहतीतून ‘स्टेशन दहा मिनिटांवर’ असं सांगतात. तुलना कशी करावी?

उत्तर : ती दहा मिनिटं बहुधा रविवारी दुपारी, मोटारीतून मोजलेली असतात. तुम्ही घराच्या दारापासून कामाच्या जागेच्या दारापर्यंत मोजा, आणि तुकड्या-तुकड्यांत लिहून ठेवा : लिफ्टची वाट, फाटकापर्यंतचं चालणं, वाहनाची वाट, वाहनातला वेळ, स्टेशनचा जिना, फलाट. हे कामाच्या तीन वेगवेगळ्या दिवशी, नेहमीच्या वेळेला करा. त्यातला एक दिवस पावसाचा मिळाला तर उत्तम. बस दर २० मिनिटांनी असेल तर वेळापत्रक न बघता थांब्यावर जाणाऱ्याची सरासरी १० मिनिटं नुसती उभं राहण्यात जातात. बस एकापाठोपाठ दोन येऊन मग बराच वेळ येत नसतील, तर त्याहूनही जास्त.

समजा, नव्या वसाहतीतून एका बाजूला २५ मिनिटं जादा लागतात. जाऊन-येऊन ५०, वर्षातले कामाचे दिवस २५०, म्हणजे १२,५०० मिनिटं. हे २०८ तास झाले, आठ तासांचे २६ दिवस. घरातून दोघं बाहेर पडत असतील तर दुप्पट. जादा खोलीची खरी किंमत ही आहे. आठवड्यातले चार दिवस घरून काम करणाऱ्याला ती सहज परवडते. रोज जाणाऱ्याला, आमच्या मते, नाही.

परतीचा प्रवास मात्र लोक मोजायचेच विसरतात. रात्रीची शेवटची बस किती वाजता सुटते आणि ती चुकली तर काय, हे थांब्यावर उभ्या असलेल्यांना विचारा.

प्रश्न : घर उन्हाळ्यात बघतोय. पावसाळ्यात गल्लीत पाणी भरतं का, हे आत्ता कसं ओळखायचं? विचारलं की सगळे ‘नाही हो’ म्हणतात.

उत्तर : घरं असलेल्यांना विचारलंत तर ‘नाही’च ऐकू येणार, त्यांनाही कधीतरी घर विकायचं असतं. भाडेकरूंना आणि तळमजल्यावरच्या दुकानदारांना विचारा. ‘पाणी भरतं का?’ असं न विचारता ‘कुठल्या पायरीपर्यंत येतं?’ असं विचारा.

त्याआधी डोळे वापरा. दुकानाच्या दाराच्या दोन्ही बाजूंना फळी अडकवायची खाच किंवा लोखंडी पट्टी दिसली तर तिथे पाणी येतं आणि दरवर्षी येतं, कारण एकदाच आलेल्या पाण्यासाठी कुणी खाचा पाडत नाही. पाण्याचा पंप विटांच्या चौथऱ्यावर चढवलेला असेल, विजेचे मीटर खांद्याच्याही वर असतील, तर तीच गोष्ट. लोखंडी फाटकाच्या खालच्या भागात एका सरळ रेषेपर्यंतच गंज आहे का, बघा. कुंपणाच्या भिंतीला नवा रंग फक्त कमरेपर्यंत दिला असेल तर तो का दिला, हे विचारण्यासारखं आहे. भिंतीवरच्या पांढऱ्या क्षारांवरून मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. ते जमिनीतून चढणाऱ्या ओलीमुळे किंवा गळक्या नळानेही येतात.

मग रस्ता आणि जोतं यांतला फरक बघा. डांबरी रस्त्यावर जुना थर न खरवडता नवा थर टाकला की दर वेळी रस्ता साधारण ३ ते ५ सेंटिमीटर वर येतो. पाच वेळा असं झालं की इमारत जागच्या जागी राहून १५ ते २५ सेंटिमीटर ‘खाली’ जाते. फाटकातून आत शिरताना उतार लागत असेल, तर रस्त्यावरचं पाणीही त्याच वाटेने आत येणार.

पाणी कुठून येतं हेही समजून घ्यायला हवं. एक हेक्टर जागेवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०० घनमीटर पाणी होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे ५० टँकर. मोकळ्या मातीत त्यातलं बरंचसं मुरतं. काँक्रीट आणि फरशी झाली की जवळपास सगळं वाहून खाली येतं. म्हणून ‘आमच्या इथे वीस वर्षांत कधी पाणी आलं नाही’ हे खरं असूनही निरुपयोगी ठरू शकतं. गल्लीच्या वरच्या अंगाला मोकळी जमीन असेल आणि तिथे आता बांधकाम सुरू होत असेल, तर जुनं गटार नव्या पाण्याला पुरणार नाही.

नकाशावर समुद्रसपाटीपासूनची उंची पाहून ठरवणारेही बरेच आहेत. फोनमधल्या जीपीएसची उंची कित्येक मीटरने चुकू शकते. मोफत मिळणाऱ्या उंचीच्या बऱ्याच आकड्यांमागे फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून केलेलं रडार सर्वेक्षण आहे. त्यात जमिनीच्या साधारण ३० मीटरच्या एका चौकोनाला एकच उंची दिलेली असते, आणि नंतर टाकलेला भराव त्यात दिसत नाही. एकूण उतार कोणत्या दिशेला आहे, एवढंच त्यातून घ्या. फाटक आणि नाल्याचा काठ यांतला फरक हवा असेल तर गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी टप्प्याटप्प्याने लावून अर्ध्या तासात मिळतो, आणि तोच खरा. जुनी उपग्रहचित्रं मात्र जरूर बघा. लँडसॅटची चित्रं १९७२ पासूनची आहेत. त्यांत नाला दिसायचा नाही, पण आजच्या वसाहतीच्या जागी पूर्वी तळं किंवा पाणथळ असेल तर ते दिसतं. आणि बुजवलेल्या तळ्याची जागा उताराच्या दृष्टीने अजूनही तळ्याचीच असते.

शेवटचं, तळमजला घेणाऱ्यांसाठी. घरातल्या संडासाची किंवा मोरीची पातळी रस्त्यावरच्या वरच्या अंगाच्या चेंबरच्या झाकणापेक्षा खाली असेल, तर सांडपाण्याची वाहिनी तुंबल्यावर पाणी आधी तुमच्या मोरीतून वर येतं, झाकणातून नंतर. उलटं पाणी अडवणारी झडप बसवता येते, पण तिच्यात कचरा अडकला की ती पूर्ण मिटत नाही. ती पावसाळ्याआधी उघडून साफ करावी लागते.

प्रश्न : घर मोठ्या रस्त्यापासून दुसऱ्या रांगेत आहे. आम्ही गेलो तेव्हा शांत वाटलं. फोनवर आवाज मोजून बघण्यात अर्थ आहे का?

उत्तर : आहे, तुलनेपुरता. दोन्ही ठिकाणी तोच फोन, तेच अॅप, खिडकी उघडी, १५ मिनिटांची सरासरी. क्षणाचा सर्वांत मोठा आकडा लिहून काही कळत नाही. वेळा तीन : संध्याकाळच्या गर्दीची, रात्री अकरानंतरची आणि पहाटे पाचची. वार कामाचा.

डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नाही. रहदारी दुप्पट झाली तर आकडा फक्त ३ ने वाढतो. १० ने वाढला तर कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. सतत वाहणाऱ्या रस्त्यापासूनचं अंतर दुप्पट केलं तरी मोकळ्यावर जेमतेम ३ डेसिबल कमी होतात, म्हणून ‘रस्त्यापासून २० नाही, ४० मीटरवर आहे’ यात फार मोठा दिलासा नाही. मध्ये इमारतींची सलग रांग असेल तर फरक जास्त पडतो. तुमचं दुसऱ्या रांगेतलं घर त्यामुळेच शांत वाटलं. पण तुमचा मजला पुढच्या इमारतीच्या गच्चीच्या वर असेल तर ती आड नाहीशी होते. वरचा मजला म्हणजे शांत मजला, ही समजूत इथेच फसते.

तुलनेला एक मोजपट्टी : जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये रस्त्याच्या आवाजासाठी रात्रीची सरासरी घराबाहेर ४५ डेसिबलच्या आत असावी, अशी शिफारस केली. शहरात हा आकडा क्वचितच साधतो, पण ५० आणि ६० मधला फरक तुम्हाला रोज झोपेत जाणवेल. आणि सरासरीत न दिसणारे आवाज स्वतंत्र टिपा : गतिरोधकावर आदळणारे रिकामे ट्रक, वळणावरचे हॉर्न, शेजारच्या इमारतीचा जनरेटर. झोप हेच जास्त मोडतात.

प्रश्न : दोन गल्ल्यांच्या दरात १२ टक्के फरक आहे. स्वस्त ती वाईट समजायची का?

उत्तर : आधी तो फरक खरा आहे का ते बघा. जाहिरातीतला दर हा मागितलेला दर असतो. नोंदणी झालेल्या व्यवहारांचे आकडे घ्या, गेल्या वर्षभरातले, सारख्या वयाच्या इमारतींचे, आणि सगळे चटई क्षेत्रफळावर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर, आणून. एकीकडे चटई आणि दुसरीकडे जिना-लॉबीसकट क्षेत्रफळ धरलं, तर १२ टक्के तिथेच निघून जातात. सरासरीऐवजी दर चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या, कारण एखाद्या आलिशान घराने सरासरी फुगते. आठ-दहा व्यवहार मिळत नसतील तर त्या गल्लीचा ‘दर’ असा काही नाहीच. एवढं करूनही फरक उरला, तर त्याला कारण असतं, आणि ते बहुतेक वेळा पाणी, पार्किंग किंवा कागदपत्रं यांतलं एक असतं.

प्रश्न : खिडकीसमोर मोठा मोकळा प्लॉट आहे. ‘इथे काही होणार नाही’ असं विक्रेता म्हणतो.

उत्तर : विक्रेत्याला ते माहीत असण्याचं कारण नाही. नगररचना विभागाच्या विकास आराखड्यात त्या प्लॉटचा वापर काय दाखवलाय, आरक्षण आहे का, समोरून रस्ता रुंद होणार आहे का आणि तिथे जास्तीत जास्त किती उंच बांधता येतं, हे तुम्ही स्वतः बघा. मग वाईटात वाईट धरून हिशेब करा. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना ३० मीटर उंच इमारतीची सावली ५२ मीटर लांब पडते. तुमची इमारत आणि ती इमारत यांतलं अंतर त्याहून कमी आणि सूर्य त्याच बाजूला असेल, तर त्या वेळचं ऊन गेलं. बांधकामाची दोन-तीन वर्षं धूळ आणि आवाजाची असतात, हेही त्यात धरा. उद्यानाचं आरक्षण असेल तर बरं, पण आराखड्यातलं उद्यान म्हणजे झालेलं उद्यान नव्हे. मेट्रोचंही तसंच. घोषणा, मंजुरी, निविदा आणि प्रत्यक्ष खोदकाम या चार वेगळ्या गोष्टी आहेत. खोदकाम दिसल्याशिवाय तिच्यासाठी जादा पैसे मोजू नका.

प्रश्न : सोबत सत्तरीचे आई-वडील आहेत. नकाशावर दवाखाना आणि बाग दोन्ही ४०० मीटरवर दिसतात. एवढं पुरे?

उत्तर : नकाशातली सरळ रेघ आणि पायांखालची वाट यांत फार अंतर पडतं. मध्ये बंद गल्ली, रेल्वेची भिंत किंवा वसाहतीचं कुलूपबंद मागचं फाटक असेल तर ४०० चे हजार मीटर सहज होतात. धडधाकट माणूस मिनिटाला ८० मीटर चालतो, सत्तरीतलं माणूस अनेकदा ५० च्या आसपास. चौकातला सिग्नलही याच हिशेबाने तपासा. १४ मीटर रुंद रस्ता सेकंदाला १.२ मीटरने १२ सेकंदांत ओलांडता येतो, ०.८ मीटरने १७ ते १८ सेकंद लागतात. हिरवा माणूस १५ सेकंदच दिसत असेल तर त्यांच्यासाठी बाग त्या रस्त्यापलीकडे नाहीच, असं समजा.

त्यांना घेऊनच एकदा चालून या, संध्याकाळी दिवे लागल्यावर. फुटपाथ कुठे तुटतो, कुठे उतरून गाड्यांमधून जावं लागतं, बसायला कठडा आहे का, हे सगळं त्या एका फेरीत कळतं.

प्रश्न : सांडपाणी प्रक्रिया केंद्र ६०० मीटरवर आहे. आम्ही दोनदा दुपारी गेलो, वास आला नाही.

उत्तर : दुपारी यायचाही नाही. ऊन तापल्यावर हवा वर-खाली ढवळली जाते आणि वास विरळ होतो. रात्री आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच साचते, वासासकट. म्हणून पहाटे जा. आणि खिडक्या बंद असलेल्या गाडीतून उतरल्याबरोबर, पहिल्या दोन मिनिटांतच ठरवा, कारण नाक लवकर सरावतं. तिथे राहणाऱ्यांना वास येत नाही ते याचमुळे, ते खोटं बोलत नसतात. ऋतूप्रमाणे वाऱ्याची दिशा बदलत असेल तर एका भेटीवर विसंबू नका. केंद्राच्या सभोवार चारही बाजूंच्या पहिल्या इमारतींत विचारा, कुणाला कोणत्या महिन्यांत खिडक्या लावून घ्याव्या लागतात. तुमच्या बाजूचे महिने त्यातून मोजता येतील.