उन्हाळ्यात बोटीतून देवमासे बघायला गेल्यावर नेमकं बघायचं कुठे?

आधी पक्षी शोधा. देवमासा क्षणभरच वर येतो, पण एकाच जागी धडाधड पाण्यात सूर मारणारे गॅनेट लांबूनही दिसतात. तिथे खाली लहान माशांचा थवा असतो, आणि त्याच्या मागावर देवमासाही असू शकतो. मग देवमाशाच्या श्वासाचा फवारा शोधा. हंपबॅक जातीच्या देवमाशाचा ठळक उडतो. मिंके या दुसऱ्या जातीचा जवळपास दिसतच नाही, तिथे पाठीवरचा छोटा पर हेरावा लागतो. लाटांवर फेस असेल तर तेही अवघड.

दुर्बीण ७ किंवा ८ पटींचीच घ्या. हलत्या बोटीवर १२ पटींची नुसतं डोकं गरगरवते (माझं गरगरलंय). हंपबॅकने शेपटी वर काढून बुडी मारली की तो बहुधा काही मिनिटं गायब. तेवढ्यात लाटांना जवळजवळ घासत, पंख ताठ ठेवून तरंगणारे शिअरवॉटर पक्षी बघून घ्या. आणि उन्हाळा असला तरी जाकीट न्याच.