स्पोर्ट्स सायकॉलॉजी शिकून विद्यापीठात काम करणं नेमकं कसं असतं? टीवायबीएला सायकॉलॉजी आहे, राज्य पातळीवर खो-खो खेळलोय, या लाईनला जावं का?

जा. पण आधी हे वाचा, कारण घरी सांगितलंत की पहिला प्रश्न येणार, "म्हणजे नोकरी काय?", आणि त्याचं एका वाक्यात उत्तर मला अकरा वर्षांत जमलेलं नाही. माझ्या सासूबाई अजून सगळ्यांना "ती पीटीची टीचर आहे" असंच सांगतात, मी पण आता दुरुस्त करत बसत नाही.

मी मूळची सायकॉलॉजीवाली. बीए-एमए पुण्यात, मग नेट (प्राध्यापक व्हायला लागणारी पात्रता परीक्षा), मग पीएचडी, आणि आता पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात शारीरिक शिक्षण विभागात आहे. कुठलं ते सांगत नाही कारण पुढे थोडी रड आहे.

कामाचे तीन भाग पडतात. शिकवणं, रिसर्च आणि ग्राउंडवरचं काम. पगार पहिल्याचा मिळतो, प्रमोशन दुसऱ्यावर, आणि ज्यासाठी आपण या लाईनला आलो ते तिसरं उरलेल्या वेळात, म्हणजे पहाटे साडेपाचला नाहीतर संध्याकाळी सहानंतर. हे एकदा डोक्यात फिट्ट करून घ्या म्हणजे नंतर चिडचिड होणार नाही.

शिकवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एमपीएडला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या मास्टर्सला, क्रीडा मानसशास्त्राचा पेपर असतो, तिथे सुरुवात नॉर्मन ट्रिपलेट नावाच्या संशोधकापासून होते. १८९८ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात या माणसाने बघितलं की सायकलवाले एकटे पळवतात त्यापेक्षा सोबत कोणी असलं की जोरात पळवतात, म्हणून त्याने ४० लहान मुलांना मासेमारीच्या गळाचं रीळ गरागरा फिरवायला लावलं, एकदा एकटं, एकदा जोडीने. बरीच मुलं जोडीने जास्त जोरात फिरवायला लागली, काहींना काहीच फरक पडला नाही आणि काही उलट गडबडली. माझ्या वर्गातल्या पोरांना हा शेवटचा भाग सगळ्यात पटतो, कारण प्रत्येकाच्या टीममध्ये एक तरी असा असतोच जो प्रॅक्टिसला वाघ आणि मॅचला मांजर.

रिसर्चचं मात्र खरं सांगते. आपल्याकडे या विषयात ढिगाने पीएचडी होतात आणि त्यातल्या निम्म्यांचं शीर्षक मी न बघता सांगू शकते, "कबड्डी व खो-खो खेळाडूंमधील स्पर्धा-चिंतेचा तुलनात्मक अभ्यास". साठ हे, साठ ते, प्रश्नावली वाटली, टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायची आकडेमोड) मारली, झालं, शिफारस काय तर 'खेळाडूंना मानसिक प्रशिक्षण द्यावे'. मी पण जवळपास हेच करायला निघाले होते, नाव ठेवायला जागा नाही. तोंडावर आपटले ते भाषांतरात. या क्षेत्रात सीएसएआय-टू नावाची एक चाचणी सगळे वापरतात, स्पर्धेच्या आधी किती टेन्शन आलंय ते मोजायला. त्यात दडपणाखाली 'चोक' होण्याबद्दल, म्हणजे ऐन वेळी खेळ ढेपाळण्याबद्दल, एक वाक्य आहे. मी डिक्शनरी बघून मस्तपैकी लिहिलं, "दबावाखाली माझा गळा आवळला जाईल अशी मला काळजी वाटते". तालमीतल्या पैलवानांना पेपर वाटले, तर एकाने सरळ 'अजिबात नाही' वर टिक केली आणि मला समजावून सांगितलं, "मॅडम, गळा आवळणं फाऊल आहे, पंच थांबवतात." बाकीच्या चौदा जणांनी काय समजून टिक केली असेल ते देवाला माहीत. ते पंधराच्या पंधरा पेपर मी रद्दीत घातले. मग तीन महिने नुसती पोरांशी बोलत बसले, टेन्शन आलं की तुम्ही काय म्हणता. पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, डोकं बधिर होतं, 'पाय उचलत नाही', 'अंगात कापरं भरतं'. हे शब्द घालून प्रश्नावली परत केली, दुसऱ्याकडून उलट इंग्रजीत करून घेतली, तपासली, तेव्हा कुठे आकड्यांना काही अर्थ आला. माझ्या पीएचडीत कामाचं काय असेल तर तेवढंच, बाकीची पानं बाइंडिंगसाठी.

आता ग्राउंड. पहिल्या वर्षी आमच्या मुलींच्या कबड्डी टीमची एक चढाईपटू माझ्याकडे आली (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय). एरवी झक्कास खेळायची, पण डू ऑर डाय (गुण नाही मिळवला तर आउट, अशी चढाई) आली की मिडलाइन ओलांडून दोन पावलं टाकायची आणि तिथेच घुटमळायची, तीस सेकंद संपायची, आउट. मी पुस्तक कोळून प्यायलेली, म्हटलं "असं झालं की एक खोल श्वास घे, मग हलव पाय". ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायलाच लागली. "मॅडम, चढाईत श्वास घेतला तर दम गेला म्हणून आउटच देतील ना!" बरोबरच की. एका दमात कबड्डी-कबड्डी म्हणायचं हाच तर खेळ. मी लहानपणापासून कबड्डी बघितलेली, तरी पुस्तकातली गोष्ट पुस्तकातूनच उचलून दिली. लाज वाटली खरं तर.

मग पुढचा महिनाभर काहीच सल्ला दिला नाही, बाकावर बसून फक्त बघितलं. तेव्हा दिसलं की साध्या चढाईत तिची नजर कॉर्नरच्या, म्हणजे कोपऱ्यातल्या बचावपटूच्या, पायांवर असते आणि डू ऑर डायला स्वतःच्या पायांवर जाते. यावर अभ्यास आहेत. रिच मास्टर्स म्हणून एक संशोधक आहेत, त्यांनी १९९२ मध्ये गोल्फच्या पटिंगवर (चेंडू हलकेच ढकलून खड्ड्यात घालण्यावर) प्रयोग केला, ज्यांनी नियम घोकून शिकलं होतं त्यांची दडपणाखाली गाडी अडली, ज्यांनी नियमांकडे लक्षच न देता हाताने शिकलं होतं ते खेळत राहिले. सायकल चालवताना पॅडलकडे बघितलं की पडतो, तसंच हे. तर आम्ही एवढंच ठरवलं की श्वास लाइनच्या अलीकडे सोडायचा आणि भरायचा, लाइनला हात लावायचा, आणि पलीकडे गेल्यावर डाव्या कॉर्नरचा पुढचा पाय कुठाय ते बघायचं, बाकी काही नाही. प्रॅक्टिसला स्कोअर मुद्दाम पिछाडीवर ठेवून, बाकीच्या पोरींना आरडाओरडा करायला लावून हे दोन महिने केलं. त्या वर्षी पश्चिम विभाग आंतरविद्यापीठला आम्ही दुसऱ्याच फेरीत घरी आलो, तेव्हा चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. पण शेवटच्या डू ऑर डायला ती घुटमळली नाही, आत घुसली आणि पकडली गेली. मला त्याचा जो आनंद झाला तो कोचना कसा समजावणार, ते आधीच तापले होते.

कोच म्हणजे या कामातला सगळ्यात अवघड पेपर. पोरगा तुमच्याशी बोलून बाहेर पडला की सर विचारणारच, "काय म्हणाला हो?" सांगितलं तर पोरगा परत कधी तोंड उघडणार नाही, नाही सांगितलं तर सर तुम्हाला ग्राउंडवर उभं करणार नाहीत. मी आता सीझन सुरू व्हायच्या आधीच सरांना आणि पोरांना एकत्र बसवून सांगते की काय सांगणार आणि काय नाही. आणि झोप नाही, जेवण बंद, जिवाचं बरंवाईट करायचे विचार असं काही दिसलं तर ते आपलं काम नव्हे, त्याच दिवशी सायकियाट्रिस्ट किंवा क्लिनिकलवाल्यांकडे पाठवायचं.

क्लिनिकलवरून आठवलं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते. स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्टला आपल्याकडे तसलं लायसन्स नाही, त्यामुळे दोन दिवसांचं ऑनलाइन सर्टिफिकेट घेऊन 'माइंड कोच' अशी पाटी कोणीही लावतो. इंग्लंडला जायचा विचार असेल तर तिथे उलट आहे, 'स्पोर्ट अँड एक्सरसाइज सायकॉलॉजिस्ट' हे बिरुद कायद्याने राखीव, एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेकडे नोंदणी झाल्याशिवाय लावता येत नाही, आणि नुसत्या एका वर्षाच्या एमएस्सीने ते मिळत नाही, त्यानंतर सुपरव्हिजनखाली आणखी काही वर्षं काढावी लागतात. इथले बरेच जण हे फी भरल्यावर वाचतात.

भारतात करायचं तर इंफाळच्या नॅशनल स्पोर्ट्स युनिव्हर्सिटीत एमए स्पोर्ट्स सायकॉलॉजी आहे, चेन्नईच्या तामिळनाडू फिजिकल एज्युकेशन अँड स्पोर्ट्स युनिव्हर्सिटीतही या विषयात मास्टर्स होतं. माझं मत विचाराल तर आधी साधं एमए सायकॉलॉजी करा, मग स्पेशलायझेशन. कारण प्राध्यापकाच्या जाहिरातीत 'संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी' या चार शब्दांवर मुलाखती अडतात, सायकॉलॉजीवाले म्हणतात तुम्ही पीटीचे, पीटीवाले म्हणतात तुम्ही सायकॉलॉजीचे. मी स्वतः चार वर्षं तासिका तत्त्वावर काढली आहेत, बिलं मार्चनंतर निघायची, मे महिन्यात तास नाहीत म्हणजे पैसे नाहीत. नेटमधून जेआरएफ (पीएचडी करताना मिळणारी फेलोशिप) निघाली तर महिना ३७,००० मिळतात, तेवढ्यासाठी तरी नेट गंभीरपणे द्या.

आणि हो, लोक मेंटल कोच पॅडी अप्टनचं उदाहरण देतात, २०११ चा क्रिकेट वर्ल्ड कप, २०२४ ला बुद्धिबळातला गुकेश. तसली कामं देशात हाताच्या बोटावर मोजण्याइतकी. मला जास्त जवळचे वाटतात ते नाशिकचे भीष्मराज बाम, पोलीस खात्यातले बडे अधिकारी, स्वतः नेमबाज, नेमबाजांपासून राहुल द्रविडपर्यंत खेळाडूंसोबत काम केलं. २०१७ मध्ये गेले. कुठल्या परदेशी लॅबमधून आले नव्हते, रेंजवर उभं राहून शिकलेले.

तुम्ही खो-खो खेळलायत ही मोठी जमेची बाजू, पाटीवर बसून खो ची वाट बघताना डोक्यात काय चालतं ते तुम्हाला मला समजावावं लागणार नाही. फक्त आपला अनुभव सगळ्यांवर लादू नका. आणि ॲडमिशन घेण्याआधी त्या विभागात प्रत्यक्ष जाऊन एकच विचारा, दोन वर्षांत विद्यार्थी टीमसोबत ग्राउंडवर किती तास असतात आणि सोबत कोण असतं. "प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल पूर्ण करायचं" असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या.