ठेवणीतला मजकूर

चि. लेकीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या, वर्षश्राद्धाला वाटायच्या पुस्तिकेसाठी तू लिहिलेली दोन पाने मिळाली. पहिल्याच वाक्यात 'कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ आणि स्वाभिमानी' असे वाचले आणि मला हसू आले. रागावू नकोस, कारण सांगतो. तुमच्या छापखान्यात खिडकीखालच्या फळीवर शोकपत्रिकेचा मजकूर खिळे (शिशाची सुटी अक्षरे) जुळवून, दोऱ्याने घट्ट बांधून कायम तयार ठेवलेला असे. रात्री-अपरात्री कोणी उतरलेल्या चेहऱ्याने दार वाजवले की तात्या तो गठ्ठा गॅलीत, म्हणजे जुळणीच्या तबकात, घेत, मृताचे नाव, तिथी आणि उत्तरकार्याचे ठिकाण तेवढे बदलत आणि थोड्या वेळात पत्रिकांचा गठ्ठा त्याच्या हाती ठेवत. त्या मजकुरात हेच चार शब्द याच क्रमाने होते. इतक्या वेळा छापून 'मनमिळाऊ'मधला 'ळ' झिजून गेला होता. मी मास्तर, त्यामुळे एकदा तो दाखवल्यावाचून राहवले नाही, तेव्हा तात्या म्हणाले, "असू दे सर, हा शब्द कोणी वाचत नाही." तोच मजकूर आता तू त्यांच्या नावावर चढवला आहेस. तो सोडून दे. सोडणे म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे: दोरा काढायचा, प्रत्येक खिळा आपापल्या खणात परत टाकायचा आणि नवीन जुळणीला उभे राहायचे.

नोकरदार माणूस गेला तर त्याच्या आयुष्याचा आराखडा आयता मिळतो. रुजू झाल्याची तारीख, बढत्या, बदल्या, निरोपसमारंभातला शाल-श्रीफळाचा फोटो हे सारे त्याच्या सेवापुस्तकाने जपलेले असते. स्वतःचा धंदा करणाऱ्याला यांतले काहीच नसते. तात्या निवृत्त कधी झाले, हे तुलाही सांगता येणार नाही, कारण ते झालेच नाहीत. काम कमी कमी होत गेले, इतकेच. मग अशा माणसाचे आयुष्य शोधायचे कुठे? माझे उत्तर असे की ते इतरांच्या कपाटांत शोधावे. १८६७ च्या छापखान्यांविषयीच्या कायद्याने छापलेल्या पुस्तकावर आणि कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे बंधनकारक केले होते. त्यामुळे तात्यांचे नाव गावातल्या घराघरांत अगदी बारीक टाइपात तळाशी पडून आहे: लग्नपत्रिकांवर, सोसायटीच्या अहवालांवर, भजनी मंडळाच्या पुस्तिकांवर. पुस्तिका लिहायला बसण्याआधी चार रविवार फीर आणि हे कागद मागून आण. प्रत्येक कागदामागे एक घर आहे आणि त्या घराला तात्यांबद्दल सांगण्यासारखे एखादे तरी वाक्य आहे.

त्या बारीक ओळीबद्दल ते किती काटेकोर होते, याचा मी साक्षीदार आहे. विधानसभेच्या एका निवडणुकीच्या तोंडावर, मी शाळेच्या अंकाची प्रुफे (छपाईआधीच्या कच्च्या प्रती) तपासत बसलो असताना, दोघेजण एक पत्रक घेऊन आले. मजकूर कोणाची तरी अब्रू घेणारा, खाली प्रकाशकाचे नाव नाही आणि दर तिप्पट. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक या दोघांची नावे-पत्ते हवेत, हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७अ कलमाचे बंधन तात्यांना पाठ होते. पण त्यांनी कायदा काढला नाही. ते एवढेच म्हणाले, "माझं नाव तर खाली येणारच, तुमचं कुठलं टाकू?" दोघे कागद घेऊन निघून गेले. 'स्वाभिमानी' हा शब्द तुला वापरायचाच असेल तर तो काढून टाक आणि त्या जागी हा प्रसंग घाल.

आता कामाविषयी. 'दिवसरात्र मेहनत केली' असे लिहून तू मोकळी झालीस, पण ज्याने ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचे छपाईयंत्र, चालताना पाहिलेले नाही त्याला या वाक्यातून काहीही दिसत नाही. तुझ्या पिढीला हे दाखवावे लागेल. मोटर बसण्यापूर्वी तात्या यंत्र पायाने चालवत. उजव्या हाताने कोरा कागद आत सरकवायचा, डाव्या हाताने छापलेला काढायचा, आणि या दोन क्रियांच्या मध्ये लोखंडी पाटा मिटतो, त्याची वेळ पायाला माहीत असायची. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे ते चपटे नख ही एका चुकलेल्या वेळेची खूण होती. देवनागरीत मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून खिळ्यांचे काही शे प्रकार होतात. तात्यांचा हात न पाहता नेमक्या खणात जायचा आणि स्टिकमध्ये, म्हणजे हातात धरायच्या जुळणीच्या पट्टीत, उलट्या अक्षरांची ओळ भरत असताना ते माझ्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारायचे. शाईने काळी झालेली बोटे रॉकेलने पुसून मग जेवायला बसायचे. तू लहानपणी त्या वासाला नाक मुरडत होतीस, तेही लिही.

'केवळ स्वतःच्या हिमतीवर' ही तुझी ओळ मात्र मला मान्य नाही. मराठी छपाईच्या धंद्यात एकट्याने पाय रोवणाऱ्यांची नावे नोंदलेली आहेत. १८३१ साली शिळाछापावर, म्हणजे दगडावरून छापून, पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी, किंवा टाइप घासण्याच्या कामापासून सुरुवात करून १८६९ साली निर्णयसागर उभे करणारे जावजी दादाजी. त्यांच्या घरच्यांनी किती कागद दुमडले, याची नोंद कुठे वाचल्याचे मला आठवत नाही. तुझ्या घरची नोंद तरी तू राहू देऊ नकोस. तुळशीचे लग्न लागले की सराई सुरू व्हायची आणि स्वयंपाकघर आवरून तुझी आई पत्रिकांना घड्या घालायला बसायची, ती रात्री दोन-दोनपर्यंत. तू आणि तुझा भाऊ पावतीपुस्तकांचे आकडे लावायचात. हिशेबाच्या वहीत कागदवाल्याचे, शाईवाल्याचे खाते आहे, आईचे नाही. उद्या तिच्याजवळ बस आणि एका सराईत किती पत्रिका दुमडल्या ते विचार; ती आकडा सांगेल, बघ.

वाईटही लिही. तात्यांना उधारी मागता येत नव्हती आणि तो राग घरात निघायचा. आमच्या शाळेच्या एका अंकाचे बिल अकरा महिने थकले होते आणि मी रोज त्यांच्या दारावरून जात होतो. याची लाज मला अजून आहे, माझे नाव न घालता तेही लिहायला हरकत नाही. पुढे संगणकावर जुळणी करणारे डीटीपी आणि खिळ्यांवाचून छापणारे ऑफसेट आले तेव्हा त्यांनी चार-पाच वर्षे उगाच हट्ट धरला आणि शेवटी सगळे खिळे शिशाच्या भावाने किलोवर विकले. त्या दिवशी ते तराजूकडे न पाहता बाहेर पायरीवर बसून होते.

राहिली तुझ्या दुसऱ्या पानावरची तक्रार. नववीत असताना दसरा झाल्याबरोबर तात्यांनी तुला काही कारण न सांगता आठ दिवस मावशीकडे धाडले आणि छापखान्याला आतून कडी लावली, तो राग तू अजून विसरलेली नाहीस. कारण मला ठाऊक आहे. त्या वर्षी सहामाहीचे पेपर छापायला मीच त्यांच्याकडे दिले होते. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला सुट्टी देऊन त्यांनी सगळी जुळणी स्वतः केली, वाया गेलेला कागद न् कागद मोजून न्हाणीघरातल्या बंबात जाळला, आणि नववीचा गठ्ठा घरात असेपर्यंत नववीतली मुलगी घरात नको, असे मला बजावून सांगितले. गणिताचा पेपर मी काढला होता. प्रूफ परत देताना ते म्हणाले, "सर, तिसऱ्या प्रश्नातलं दुसरं उदाहरण सुटत नाही." चूक माझीच होती. ते प्रूफ दुरुस्तीसाठी मी घरी नेले, म्हणून जाळायचे राहिले. त्याच्या पाठीमागे तात्यांनी पेन्सिलीने ते उदाहरण तीन वेळा सोडवून पाहिले आहे. गुप्ततेसाठी प्रश्नपत्रिकांवर मुद्रकाच्या नावाची ओळ घालत नसत, त्यामुळे हा कागद तुला दुसऱ्या कोणाच्या कपाटात ओळखू आला नसता. रविवारी ये आणि घेऊन जा.

तुझा,
सर