लाल फूल आणि कॅमेरा

सप्टेंबरात सिंहगडाच्या वाटेवर सोनकी-तेरडा फुलतो, पण हात बसायला आधी अंगणातली जास्वंद घ्या. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स पुरेशी आहे. ती ५५वर, म्हणजे पूर्ण झूमवर ठेवून फुलाजवळ जा. साधारण २५ सेंमीच्या आत ती फोकसच पकडत नाही, आणि नवखे नेमके तिथे अडतात. अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ/८ ठेवा. एफ/५.६ला हे छिद्र मोठं होतं; पुंकेसर स्पष्ट येतात, पाकळ्या मात्र धूसर. वाऱ्याने फूल डोलतं, म्हणून शटरचा वेग १/५०० सेकंद हवाच. त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ८००पर्यंत बिनधास्त वाढवा. थोडा नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, चालतो, हललेलं फूल नाही.

लाल फुलाचा खरा घोळ रंगाचा. भर उन्हात लाल चॅनल, म्हणजे फोटोतली लाल रंगाची नोंद, आधी काठोकाठ भरतो, पाकळीवरच्या शिरा जातात आणि नुसता लाल डाग उरतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, ०.७ने कमी करा, हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या आलेखात) लाल रंग वेगळा बघा, रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) टिपा. ढगाळ हवेत हा त्रास बराच कमी. ऊन असेल तर फुलावर छत्री धरा, पांढरी मिळाली तर फारच छान.

टेकडीवरच्या गवतफुलांसाठी सरळ गुडघ्यावर बसा, लेन्स फुलाच्या उंचीला आणा. मागची काडी खटकली तर ती तोडू नका, आपणच वीतभर सरका.